मुंडक २.२.४ : धनुष्याची बिजागरी



मुंडकोपनिषद वाचता वाचता आज आपण दुसऱ्या मुंडकातल्या दुसऱ्या खंडाच्या चौथ्या मंत्रापाशी आलो. अर्थ बऱ्याच जणांना माहीत असेल. ॐकार हे धनुष्य, आपण स्वतः म्हणजे जीवात्मा हा बाण, आणि ब्रह्म हे लक्ष्य. प्रमाद न करता वेध घ्यायचा आणि बाणासारखं त्या लक्ष्याशी एकरूप व्हायचं. काल आपण तिसरा मंत्र पाहिला, त्यात बाणाला उपासनेने धार लावायला सांगितलंय आणि धनुष्य ताणून ओढायला सांगितलंय.

या दोन मंत्रांवरची प्रवचनं ऐकली तर बहुतेक वेळ बाणावर आणि लक्ष्यावर जातो. धनुष्य बिचारं एका वाक्यात आटोपतं. मंत्रात तर ते नुसतं हातात घ्यायचंय, म्हणजे ते आधीच घडवून तयार आहे. पण घडवलेलं धनुष्य म्हणजे नक्की काय असतं, हे ज्या काळात हे मंत्र म्हटले गेले त्या काळच्या ऐकणाऱ्याला ठाऊक होतं आणि आपल्याला नाही. आपल्या डोळ्यांपुढे टीव्हीवरच्या मालिकेतलं सोनेरी धनुष्य येतं. म्हणून आज थोडं लाकूडकाम. उपमा फार ताणणार नाही, ॐकारात काही दोष आहे आणि तो आपण दुरुस्त करायचाय असं मला मुळीच म्हणायचं नाही. आपली रोजची उपासना मात्र आपणच तासत असतो, आणि ती वाकडी होऊ शकते.

कामानिमित्त मी सध्या टेक्सासमध्ये, डॅलसजवळ असतो. इथे शेतांच्या कडेला एक काटेरी झाड दिसतं, ओसेज ऑरेंज. मोठ्या संत्र्याएवढी, हिरवी, मेंदूसारख्या सुरकुत्यांची फळं लागतात, माणसं ती खात नाहीत. काटेरी तार येण्याआधी लोक कुंपणाला हेच झाड लावायचे. फ्रेंचांनी त्याला 'ब्वा दार्क' म्हटलं, म्हणजे धनुष्याचं लाकूड, कारण इथले मूळ रहिवासी त्याची धनुष्यं करत. टेक्सासच्या लोकांनी त्या नावाचं 'बोडार्क' करून टाकलं. गंमत म्हणजे आपल्याकडेही असंच आहे. सह्याद्रीत जी धामण वाढते तिचं संस्कृत नाव धन्वन. तिथेही झाडाच्या नावातच धनुष्य.

महिन्यातून दोन शनिवार आम्ही पाच-सहा जण एका म्हाताऱ्या कारागिराच्या गॅरेजमध्ये जमतो आणि बोडार्कची धनुष्यं करायला शिकतो. आजोबा फार कमी बोलतात. दोन वर्षांत त्यांनी माझ्या हातातून हत्यार काढून घेतलं ते एकदाच, तेही न रागावता.

सुरुवात ओंडक्यापासून. करवतीने कापायचा नाही, पाचरी ठोकून उभा फोडायचा, म्हणजे तो आपल्या तंतूंच्या रेषेनेच फुटतो. करवत सरळ जाते, पण झाड सरळ वाढलेलं नसतं. फोडलेल्या तुकड्यांची टोकं गोंदाने किंवा रंगाने बंद करायची, नाहीतर तिथून ओल भराभर निघून जाते आणि लाकूड तडकतं. मग वाट बघायची, साधारण वर्षभर. ओल आठ-दहा टक्क्यांवर आली की लाकूड कामाचं. त्याहून ओलं असेल तर धनुष्य वाकतं आणि वाकलेलंच राहतं, अगदी कोरडं ठणठणीत असेल तर मोडतं.

धनुष्याची जी बाजू तिरंदाजाकडे असते तिला पोट म्हणतात आणि लक्ष्याकडे असते तिला पाठ. दोरी ओढली की पाठ ताणली जाते आणि पोट दाबलं जातं. पाठीचा नियम कडक आहे: झाडाचं एकच वाढीचं वर्तुळ, या टोकापासून त्या टोकापर्यंत, अखंड. वरचा पांढरा थर काढायचा, आतल्या पिवळ्या गाभ्यात एक जाड वर्तुळ निवडायचं आणि दोन मुठींच्या सुरीने, ड्रॉनाइफ म्हणतात तिला, त्याच्या वरचं सगळं उतरवत जायचं. दोन वर्तुळांच्या मध्ये वसंतात वाढलेला भुसभुशीत थर असतो. सुरी त्यात शिरली की आवाज बदलतो, करकर येते. त्या आवाजावर चालायचं. झाडाला जिथे गाठ आहे तिथे वर्तुळ टेकडीसारखं वर येतं, आपणही वर जायचं. जिथे खळगा आहे तिथे खाली. कुठेही 'जरा सपाट करून टाकू' म्हणून वर्तुळ कापलं की कापलेल्या कडेपासून चीर उठणार. तसं झालंच तर एकच उपाय: संपूर्ण पाठ खालच्या वर्तुळापर्यंत उतरवायची. तेवढ्याच जागेपुरतं खाली जाऊन चालत नाही. आमच्यातल्या एकाचे या कामात तीन शनिवार गेले.

(वेगळा मुद्दा, पण राहवत नाही. धनुष्याच्या दोरीला संस्कृतात ज्या म्हणतात. वर्तुळाच्या कंसाला धनुष्य मानलं तर त्याची जीवा ही दोरी. आर्यभटाच्या गणितातली ही ज्या, जीवा अरबीत 'जिबा' म्हणून गेली, तो शब्द पुढे 'जैब' असा वाचला गेला, म्हणजे खाच किंवा झोळ, आणि लॅटिनमध्ये त्याचं भाषांतर झालं 'सायनस'. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी ज्या साइनने आपल्याला छळलं ती मुळात धनुष्याची दोरी आहे! आणि दोरीला संस्कृतात दुसरा शब्द आहे गुण. त्यावर कधीतरी वेगळं लिहीन.)

आता खरं काम, ज्याला टिलरिंग म्हणतात. मराठीत नेमका शब्द मला सापडला नाही, 'बाक जुळवणं' म्हणूया. धनुष्याचा आकार कापून झाला की ती अजून एक जाड काठीच असते, साधारण साडेपाच फुटांची. मधे मूठ, दोन बाजूंना दोन भुजा. आता पोटाच्या बाजूने लाकूड थोडं थोडं खरवडून दोन्ही भुजा एकसारख्या वाकायला शिकवायच्या. भिंतीवर एक खुंटी, तिच्यावर मूठ आडवी ठेवायची, दोरी बांधायची, दोरीचा हूक कप्पीवरून खाली आणायचा आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभं राहून हळूहळू ओढत बघायचं. लांब उभं राहणं महत्त्वाचं. धनुष्य हातात असताना त्याचा बाक दिसतच नाही.

नियम तीनच आहेत. जितक्या ताकदीचं धनुष्य हवं त्याहून जास्त जोर एकदाही लावायचा नाही. समजा ४५ पौंडांचं करायचंय, तर काट्यावर ४५ दिसले की थांबायचं, मग दोरी सहा इंचच आलेली असो. दुसरा नियम: प्रत्येक खरवडीनंतर वीस-तीस वेळा थोडं थोडं ओढायचं, कारण लाकडाला झालेला बदल अंगी लागायला वेळ लागतो. लगेच बघितलं तर काहीच झालेलं दिसत नाही, माणूस आणखी खरवडतो, आणि मग दोन्ही बदल एकदम प्रकट होतात. तिसरा नियम, काढलेलं लाकूड परत लावता येत नाही. आपल्या कामात बिल्ड फुटली तर मागच्या व्हर्जनवर जाता येतं, इथे ती सोय नाही.

आणि लाकूड किती काढतोय याचा अंदाज फसवा असतो. पट्टीची ताठरता रुंदीच्या सरळ प्रमाणात असते, पण जाडीच्या घनाच्या प्रमाणात. १२ मिलिमीटर जाडीच्या भुजेतून एकच मिलिमीटर काढला की अकरा भागिले बारा, त्याचा घन, म्हणजे साधारण ०.७७. एका मिलिमीटरने २३ टक्के ताठरता गेली. म्हणून शेवटी शेवटी रंधा, कानस सगळं बाजूला ठेवून नुसत्या पत्र्याच्या धारेने खरवडतात, कागदाहून पातळ साली निघतात.

इथे तो दोष येतो ज्याच्यासाठी आजचा लेख. भुजा वाकतेय, पण एकसारखी नाही. मुठीपासून वीतभर ताठ, मग एका जागी एकदम कोन, मग पुन्हा टोकापर्यंत ताठ. त्या जागेला कारागीर बिजागरी म्हणतात, दाराची असते तशी. लाकूड सगळीकडे तेच असतं, पण सगळा बाक त्या दोन-तीन इंचांत गोळा झालेला. तसंच ओढत राहिलं तर तिथल्या पोटाचे तंतू चुरडतात आणि आडव्या बारीक रेषा उमटतात. आणि एक दिवस धनुष्य तिथेच मोडतं. मोडल्यावर सगळे म्हणतात, 'इथे लाकूड कच्चं होतं.'

नवख्या माणसाचा हात आपोआप बिजागरीकडेच जातो. दोष तिथे दिसतोय, मग दुरुस्तीही तिथेच, नाही का? माझ्या हातातलं हत्यार आजोबांनी काढून घेतलं ते याच वेळी, मी काही खरवडण्याआधीच. त्यांनी पेन्सिल घेतली, बिजागरीवर आडव्या-उभ्या रेघा मारून जाळी केली. जाळीचा अर्थ, इथे हात लावायचा नाही. मग तिच्या दोन्ही बाजूंच्या ताठ भागांवर बोट फिरवलं. काम तिथे होतं. ते भाग वाकायला लागले की बिजागरीवरचा भार आपोआप उतरतो.

याला किंमत आहे. ताठ भागातलं लाकूड गेलं की सगळं धनुष्य हलकं होतं. ५०चं करायला घेतलेलं ४२चं होतं. ते मान्य करावं लागतं. ५०वर अडून बसलं तर बिजागरी तशीच राहते.

हे शिकल्यावर पुढचे कित्येक दिवस माझ्या डोक्यात धनुष्य नव्हतंच, माझ्या एका मित्राचं घर होतं. त्याच्या परवानगीने लिहितोय. पुण्यात त्याच्या वडिलांना अर्धांगवायू झाला. घरात दोन मुलगे, एक मुलगी, सून, जावई, सगळे चांगली माणसं, सगळे नोकरीत. वडिलांचं उठवणं-बसवणं, औषधं, रात्रीची जाग, सगळं आईकडे. वर्षभरात काकूंचं वजन आठ किलोने उतरलं, रडू येऊ लागलं, एकदा औषधांची अदलाबदल झाली आणि घर हादरलं. मग सगळ्यांनी मनापासून काकूंचीच दुरुस्ती सुरू केली. 'आई, तू प्राणायाम कर.' 'आई, तू नामस्मरण वाढव, बळ येईल.' कुणी मन:शांतीचं ॲप टाकून दिलं, कुणी समुपदेशकाची वेळ घेतली. या गोष्टी वाईट नाहीत. पण जी जागा आधीच सगळ्यांच्या वाटचं वाकत होती तिथेच अजून खरवडणं चाललं होतं.

पुढे जे बदललं ते दुसऱ्या ठिकाणी बदललं. थोरल्याने मंगळवार आणि गुरुवारच्या रात्री घेतल्या. जावयाने डॉक्टर आणि औषधांचा सगळा हिशोब स्वतःकडे घेतला. धाकट्याने परदेशी जायची संधी सोडली, आणि ती सोडताना त्याला वाईट वाटलं, हेही लपवलं नाही. घराचं एकूण 'वजन' कमी झालं म्हणा ना: एक मोठा पगार कमी, दोन सहली रद्द. काकूंना कुणी काही शिकवलं नाही. त्या तीन महिन्यांत पुन्हा पेटी वाजवायला बसल्या.

भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायात सतराव्या श्लोकात 'युक्त' हा शब्द पुन्हा पुन्हा येतो. आहार, विहार, कर्मांतली धडपड, झोप, जागणं, हे सगळं ज्याचं प्रमाणात आहे त्याचा योग दुःख दूर करतो, असा त्याचा भाव. आधी मला हा श्लोक तब्येतीच्या सल्ल्यासारखा वाटायचा, आरोग्य पुरवणीत शोभेल असा. आता भिंतीवरच्या खुंटीसमोर उभं राहून मला त्यात भुजेचा बाक दिसतो. भगवंत ध्यानाच्या अध्यायात जेवणाबद्दल आणि झोपेबद्दल का बोलतात? कारण ध्यानाची वीस मिनिटं ही दिवसातली एकच जागा आहे, आणि उरलेले तेवीस तास चाळीस मिनिटं ताठ राहिले तर सगळा बाक तिथे येणार.

तुमच्यापैकी खूप जण एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारता. 'दादा, माझा जप दहा मिनिटांपुढे टिकत नाही, मन पळतं, मी फार कमकुवत आहे का?' 'पारायण पंधरा दिवस चालतं आणि सुटतं.' आणि मग स्वतःला शिक्षा, जास्त माळा, जास्त कडक नियम, त्याच दहा मिनिटांवर. आजच्या दिवसापुरतं असं करून बघा: त्या दहा मिनिटांवर पेन्सिलने जाळी मारा. तिथे आज काही सुधारायचं नाही. दिवसभरात कुठे तुम्ही जराही वाकत नाही ते बघा. रात्री एक वाजेपर्यंतचा फोन असेल. मॅनेजरला 'हे आज होणार नाही' असं न म्हणता येणं असेल. किंवा घरी आईशी चार दिवस न बोलणं, कारण चूक तिची होती! त्यातली एकच जागा घ्या, कागदाहून पातळ एकच साल काढा, आणि मग वीस-तीस दिवस लगेच निकाल न बघता नेहमीचा जप करत राहा. कडक अनुष्ठानाचा संकल्प थोडा हलका करावा लागला तरी चालेल. सोळा माळांच्या जागी अकरा.

बिजागरीइतके मोठे नसलेले दोष भरपूर आहेत आणि त्यांची औषधं वेगळी. भुजा एका अंगाला पिळलेली असेल, दोरी मुठीच्या मधून न जाता बाजूने जात असेल, तर तिथे खरवडून भागत नाही, ऊब लागते. त्या भागाला तेल लावायचं म्हणजे लाकूड करपत नाही, गरम हवेने सावकाश तापवायचं, पकडीत धरून हवं त्याहून किंचित जास्त उलट वळवायचं आणि पूर्ण थंड होईपर्यंत सोडायचं नाही. गाठ असेल तर ती काढायची नाही, तिच्याभोवती थोडं जास्त लाकूड राखायचं, धनुष्य तिथे जरा रुंद दिसतं, दिसू दे. पाठीवर बारीक सळ उठली तर वेळीच गोंद भरून दोऱ्याने घट्ट आवळायची. आणि वापरून वापरून थोडा कायमचा बाक प्रत्येक लाकडी धनुष्याला येतोच. इंचभर असेल तर त्याची काळजी कुणी करत नाही.

पोटावरच्या त्या चुरडलेल्या रेषांबद्दल एक जुना जाणकार फार छान लिहून गेलाय. इंग्लंडचा रॉजर ॲस्कम, राणी एलिझाबेथचा लहानपणीचा शिक्षक. १५४५ मध्ये त्याने तिरंदाजीवर 'टॉक्सोफिलस' नावाचं पुस्तक लिहिलं. तिथली धनुष्यं यू नावाच्या झाडाची, पाठीला पांढरं लाकूड कारण ते ताण सोसतं, पोटाला तांबूस गाभा कारण तो दाब सोसतो. ॲस्कम सांगतो की हा रोग जिथे धनुष्य इतर जागांपेक्षा अशक्त असतं तिथेच धरतो आणि व्रणासारखा पसरत जातो. उपाय म्हणून तो काय सांगतो? जाणत्या हाताकडून धनुष्य असं तासून घ्या की बाक सगळीकडे एकसारखा गोल यावा. गॅरेजमधले आजोबा आणि ॲस्कम यांच्यामध्ये पावणेपाचशे वर्षं आहेत!

आपल्याकडेही हे ज्ञान होतं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आयुधागाराच्या प्रकरणात धनुष्याचे पदार्थ नोंदवलेत: ताड, बांबू, लाकूड आणि शिंग. दोरीसाठी मूर्वा, रुई, ताग, बांबू, स्नायू वगैरे. या यादीतून कळतं की 'धनुष्य हातात घे' असं ऐकणाऱ्या माणसाने ते कधीतरी घडताना पाहिलं असणार. कुणीतरी वर्षभर लाकूड वाळवत बसलंय, हे त्याला सांगावं लागत नव्हतं.

एक शंका मागे सत्संगात आली होती, ती इथेच घेतो. गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुनाच्या हातातून गांडीव निसटतं. तिथे धनुष्यात दोष नाही, बाणात नाही, लक्ष्यही समोर आहे. मग दुरुस्ती कुठे? भगवंत गांडीवाबद्दल एक शब्द बोलत नाहीत. 'घट्ट धर' असंही म्हणत नाहीत. जिथे दोष दिसतोय त्या थरथरत्या हाताला सोडून ते उपदेशाला सुरुवात करतात ती देह आणि देही यांच्यापासून, मग कर्म, मग भक्ती. धनुष्याचा विषय अठराव्या अध्यायाच्या शेवटच्या श्लोकात संजयाच्या तोंडी येतो, जिथे पार्थ पुन्हा धनुर्धर म्हणवला जातो.

आजच्या मंत्रातला 'अप्रमत्त' हा शब्द मी बराच काळ 'एकाग्र' असा वाचत होतो. प्रमाद म्हणजे बेसावधपणा, गाफीलपणा. खुंटीसमोर दोरी ओढताना आजोबांची नजर कुठल्या एका जागी खिळलेली नसते, ती या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरत असते. अप्रमत्त हा शब्द त्या नजरेला जास्त बसतो असं मला वाटतं. शांकरभाष्यात या मंत्रावर काय म्हटलंय ते ज्यांच्याकडे पुस्तक आहे त्यांनी जरूर वाचा आणि ग्रुपवर लिहा.

उद्या पाचवा मंत्र. तिथे धनुष्य संपतं आणि सेतू येतो. तो मंत्र 'बाकीचं बोलणं सोडून द्या' असं सांगतो, म्हणून उद्याचा लेख छोटा असेल.

राम कृष्ण हरी.